माझ्या खुर्चीत चौगुले

संपादकांचा फोन आला. म्हणाले, "दिवाळी अंकासाठी समुद्रावरचे अनुभव लिहा. वादळं, देवमासे, असं काही थरारक." आता वादळात माणूस ओकतो आणि झोपतो, त्यात लिहिण्यासारखं काही नसतं. देवमासा मी तीस वर्षांत दोनदा पाहिला आणि दोन्ही वेळा तो निघून चालला होता. मी म्हणालो, मला चौगुलेबद्दल लिहायचंय. ते लगेच म्हणाले, "सांगलीचे चौगुले? ती जपानी युद्धनौका शोधली तेच ना?"

बघा! मी म्हसवडचा. तीस वर्षं मीही त्याच जहाजांवर, त्याच पडद्यासमोर बसलो. पण संपादकालासुद्धा नाव ठाऊक ते चौगुलेचं. तर आधीच सांगून टाकतो. मी चौगुलेवर जळतो. एकोणीस वर्षं जळतोय. हे लिहिलेलं मी त्याला आधी वाचायला दिलं. त्यानं चष्मा लावून सगळं वाचलं आणि एकच दुरुस्ती केली. मी मटण रविवारी लिहिलं होतं, ते बुधवारी होतं म्हणाला. ह्या माणसाचं असंच आहे.

आमचं काम समुद्राचा तळ बघण्याचं. पाण्याखालून तारा टाकायच्या असल्या, नळ टाकायचे असले, की खाली खडक आहे का, खड्डा आहे का, कुणाचं काही बुडालेलं आहे का, हे आधी बघून ठेवावं लागतं. पाण्यात नजर चालत नाही, आवाज चालतो. म्हणून जहाजाच्या मागं लांब तारेला बांधून एक यंत्र ओढायचं. लांबुळकं असतं, मागं पंख असतात, त्यामुळं आम्ही सगळे त्याला मासा म्हणायचो. हा मासा दोन्ही अंगांना आवाज सोडतो, तळावरून परत आलेला ऐकतो, आणि वर खोलीतल्या पडद्यावर तळाचं चित्र रेघ रेघ करत उमटत जातं. शेतात कुळव फिरवावा तसं जहाज इकडून तिकडं आणि तिकडून इकडं. बारा तासांची पाळी. एक माणूस पडद्यासमोर आणि दुसरा झोपलेला.

ह्यातली खुबी अशी, की वस्तू बघायचीच नाही. वस्तू म्हणजे नुसता एक चकचकीत डाग. बघायची ती सावली. आवाज जिथं अडतो त्याच्या मागं काळं पडतं, आणि त्या काळ्यावरून ठरवायचं की पुढचा डाग म्हणजे खडक, पिंप, नांगर का अजून काही. हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. माझा बाप मेंढरं राखायचा. आमच्या माळावर झाड नाही, माती तांबडी, आणि त्या मातीत लोळून मेंढरंही तांबडी. दिवस कलला की बाप टेकाडावर बसायचा आणि लांबच्या मेंढरांवर सावल्यांवरून नजर ठेवायचा. "मेंढरू फसवंल, सावली न्हाई फसवत," म्हणायचा. मीही तसाच शिकलो. समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो विसाव्या वर्षी, पण पडद्यावरची सावली पहिल्या आठवड्यात वाचायला लागलो.

एकदा एका ओढबोटीच्या कप्तानाचा नांगर हरवला होता. दोन कंपन्यांनी शोधून हात टेकले होते. मी तिसऱ्या फेरीत बोट ठेवलं, इथं. चिखलातून नांगराचं नुसतं एक टोक वर आलेलं होतं, पण सावली बोटभर लांब पडली होती. वर काढला तर कप्तान म्हणतो, "हा माझा नव्हे, माझा नवा होता." कुणाचातरी जुना निघाला. तरी नेला त्यानं, रंग दिला आणि लावला. अशी गिऱ्हाइकं. पण नांगर मीच शोधलेला, हे लिहून ठेवतो, कारण हे कुठल्या वर्तमानपत्रात आलेलं नाही.

चौगुले माझ्यानंतर दोन वर्षांनी आला. घर विश्रामबागेत, वडील हळदीचे व्यापारी, माणूस शिकलेला, जैन. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही. जहाजावरच्या आचाऱ्यानं पहिल्या दिवशी त्याला विचारलं, "मग तुम्ही खाता काय?" जोडीदार म्हणून आम्ही चौदा वर्षं काढली, पण पडद्यासमोर शेजारी शेजारी कधी बसलो नाही. मी उठलो की तो बसायचा, तो उठला की मी. खुर्ची कायम ऊबदार लागायची.

पहिली काही वर्षं मला तो आवडायचा, खोटं कशाला बोलू. एकदा तारेच्या वाटेत तळावर एक मोडकी मच्छीमार बोट दिसली. अहवाल त्याच दिवशी जायचा होता. कंपनीचा साहेब म्हणाला, ती बोट धरू नका, उगीच मार्ग बदलावा लागेल. चौगुले म्हणाला, "साहेब, दिसलं ते लिहायचं." साहेब ओरडला, कप्तान ओरडला. चौगुले हात बांधून उभा. शेवटी जहाज परत वळवलं, दुसऱ्यांदा पाहिलं आणि बोट नोंदली गेली. त्या दिवशी मी त्याला म्हणालो, "गड्या, तू लय कडू हायस." तो नुसता हसला.

आता त्या भाद्रपदाकडं येतो. अंदमानच्या पलीकडं तारेच्या मार्गाची पाहणी चालली होती. माझी पाळी रात्री बारा ते दुपारी बारा, त्याची दुपारी बारा ते रात्री बारा. दशलक्षण पर्व लागायच्या आदल्या दिवशी चौगुले माझ्या खोलीत आला.

"नाथा, एक मागू का?"

"माग की."

"दहा दिवस पाळी बदलतोस? माझं एकाशन असतं. दुपारी एकदाच जेवायचं, तेही माझं मी शिजवून. बाराला खुर्चीत बसलो तर ते व्हायचं नाही."

"घे की रं. त्यात काय मागायचं?"

एवढं बोलणं. मी माझी खुर्ची दहा दिवसांसाठी माझ्या हातानं त्याला दिली.

मला ती दुपारची पाळी मानवली नाही. झोप उलटीपालटी झाली, जेवण उशिरा, डोकं तापलेलं. बुधवारी (बरं, बुधवारी) आचाऱ्यानं मटण केलं होतं. संध्याकाळी साडेसहाला रश्श्याचा वास जिन्यानं वर येत होता, आणि मला जेवणापुरतं सोडवायला सात वाजता माणूस येणार होता. तेवढ्यात पडद्यावर एक मोठा डाग आला. सावली गोल, गुळगुळीत, काठवट पालथी घातल्यासारखी. अंगावर जाळी अडकलेली असावीत, कडा मऊ दिसत होत्या. आजूबाजूला काही विखुरलेलं नाही. नुसता एक गोळा. खडक.

फक्त एका टोकाला ती सावली सरळ होती. सुरीनं कापल्यासारखी सरळ. खडकाला अशी कड नसते. मला ते दिसलं. अगदी खरं सांगतो, दिसलं. पण 'संशयित' लिहिलं की जहाज वळवायचं, मासा वर ओढायचा, दीड तास दुसरी फेरी मारायची, आणि सगळ्या जहाजानं माझ्या नावानं शिमगा करायचा. लोखंड ओळखणारं आमचं दुसरं यंत्र त्या आठवड्यात बंद पडलेलं, त्यामुळं विचारायची सोय नव्हती. मी 'खडक' लिहिलं. माझी एक सवय होती, प्रत्येक डागाची जागा आणि सावलीचं पेन्सिलीनं काढलेलं चित्र माझ्या स्वतःच्या वहीत ठेवायची. तेवढं केलं आणि मटण खायला गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आरड्याओरड्यानं मला जाग आली. वर गेलो तर आमच्या त्या खोलीत कप्तानापासून आचाऱ्यापर्यंत सगळे. पडद्यावर एक जहाज बसलेलं होतं. तळावर सरळ उभं बसलेलं. टोकदार नाळ, पुढची तोफ, तोफेच्या दोन नळ्यांच्या दोन सावल्या वेगवेगळ्या, वरचा मनोरा, आडवी पडलेली डोलकाठी. लहान पोरानंसुद्धा ओळखलं असतं. ह्यात वाचायचं काय होतं, सांगा! आणि माझ्या खुर्चीत, माझ्या पाळीत, चौगुले हात जोडून बसलेला.

"नाथा, बघ, बघ! युद्धनौका आहे."

"लय भारी," मी म्हणालो.

पुढं तिचा इतिहास कळला. जपानी नौदलाची विनाशिका. नाव सांगत नाही, जागाही सांगत नाही, तसं आम्ही लिहून दिलंय. अशा बुडालेल्या बोटींचं लोखंड चोरून नेणाऱ्या टोळ्या आहेत आणि आत माणसं आहेत. विनाशिका म्हणजे मोठ्या जहाजांची राखण करणारी, वेगानं पळणारी बोट. वेग पाहिजे म्हणून अंगावर पत्रा पातळ, आपल्या गोठ्यावरच्या पत्र्याहून थोडा जाड म्हणा. तीन वर्षं ती पळत होती. सैनिक नेले, तांदूळ नेला, जखमी आणले, दुसऱ्या बुडालेल्या जहाजांवरची माणसं पाण्यातून उचलली. एका पावसाळ्यात पहाटे, मालवाहू जहाजांची राखण करत असताना, पाणबुडीचा टॉर्पेडो तिला बरोबर मध्ये लागला. दोन तुकडे झाले. पुढचा तुकडा दहा मिनिटांत खाली गेला. मागचा बुडाला नाही. तो प्रवाहाबरोबर वाहत राहिला, दुपारपर्यंत, आणि मग कुणी बघायला नसताना बुडाला.

मागच्या तुकड्यावर पाणबुडी मारायचे बॉम्ब असतात. पिंपासारखे दिसतात, पाण्यात ढकलायचे, ठरावीक खोलीवर फुटतात. आता कल्पना करा, तो तुकडाच बॉम्बांसकट बुडाला तर ठरलेल्या खोलीवर ते सगळे फुटणार, आणि वर पोहत असलेली आपलीच माणसं मरणार. म्हणून त्या बॉम्बांवरचे चार-पाच खलाशी पाण्यात उडी न टाकता मागंच राहिले, एकेका बॉम्बाचा फुटायचा भाग काढायला. काम पुरं झालं का नाही, कुणालाच ठाऊक नाही. वाचलेल्यांपैकी एक म्हणायचा लांबून स्फोट ऐकला, दुसरा म्हणायचा ऐकला नाही.

त्या खलाशांतल्या एकाची मुलगी कियोकोबाई. बाप गेला तेव्हा चार महिन्यांची. शाळेत इंग्रजी शिकवायच्या, त्यामुळं पत्रव्यवहार चौगुलेशी सरळ. विनाशिका सापडल्याचं कळल्यावर त्यांनी आमच्या जहाजावरच्या प्रत्येकाला चहाचा एक डबा पाठवला, माझ्याही नावानं. निळा पत्र्याचा डबा. आमच्या घरात त्यात जिरं असतं.

चौगुलेची मग वरात निघाली म्हणा ना. वर्तमानपत्रात फोटो, कॉलेजात व्याख्यानं, सांगलीत सत्कार, जपानचं बोलावणं. फोटोत तो कुठं बसलाय? माझ्या खुर्चीत. इकडं गावात मला पारावर ऐकावं लागायचं. आमच्या भागात घरटी एक फौजी, त्यातले म्हातारे ब्रह्मदेशात जपान्यांशी लढलेल्यांची पोरं. एक म्हणाला, "आमच्या बानं ज्येंच्या गोळ्या खाल्ल्या, त्येंचं जहाज हुडकून काय मिळीवलंसा?" दुसरा म्हणाला, "आरं, ह्यानं कुठं हुडाकलं? त्ये सांगलीकरानं हुडाकलं." मी चौगुलेच्या एकाही व्याख्यानाला गेलो नाही. बायको गेली एकदा. येऊन सांगायला लागली, "आवं, तुमचं नाव घेतलं त्येंनी. खुर्ची नाथाची व्हती म्हनलं." मी ताटावरून उठलो. भीक घालतोय मला, असं वाटलं.

सापडलेला तुकडा पुढचा आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. मागचा आपण पाहिलेल्या पट्ट्याबाहेर कुठंतरी गेला असणार असं धरून चालले, आणि पुन्हा शोधायला कोण जहाज पाठवतंय? मी मात्र ती हकीकत वाचली त्या संध्याकाळीच वही काढली. पालथी काठवट म्हणजे उलटं पडलेलं बोटीचं बूड, आणि एका टोकाची कापल्यासारखी सरळ कड म्हणजे ती जिथं तुटली ती जागा. पुढच्या तुकड्यापासून पाच मैल, पावसाळ्यात प्रवाह जातो बरोबर त्या अंगाला.

सांगायला काय लागत होतं? एक फोन. पण सांगितलं असतं तर काय झालं असतं? जगातला पहिला माणूस, ज्यानं मटणासाठी युद्धनौकेला खडक म्हटलं. आणि परत ती जाहीर कोण करणार? चौगुले. 'चौगुले यांनी मागचा भागही शोधला.' मी वही मिटली. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. दुसऱ्या वर्षी कियोकोबाईंची आई वारली. तिची इच्छा होती नवऱ्याजवळ राहायची. नवरा मागच्या तुकड्यावर होता, पण तो तर सापडलेला नाही, म्हणून जानेवारीत कियोकोबाईंनी बोट करून आईच्या अस्थी पुढच्या तुकड्याच्या जागी सोडल्या. चौगुले सोबत गेला होता. त्यानं मला बोटीवरून फोन केला, "नाथा, तू असायला हवा होतास." मी म्हणालो, "हितं पानी न्हाई प्यायला, मी कुठं समुद्रावर येऊ?" आणि वही ट्रंकेत खाली टाकली. त्या बाईला मी पाच मैल चुकीच्या जागी उतरू दिलं. हेव्यापायी. दुसरं कुठलंही कारण नव्हतं.

ह्या वर्षी, भाद्रपदातच, चौगुलेचा फोन आला. दोघंही निवृत्त, बोलणं वर्षातून एकदा, सणाला.

"नाथा, कियोकोबाईंचं पत्र आहे. एक्क्याऐंशी झाल्या. मृत्युपत्र करतायत. त्यांच्या स्वतःच्या अस्थी कुठं सोडायच्या ते लिहायचंय. आईपाशी, का मागच्या भागाचा अजून काही पत्ता लागण्यासारखा आहे, म्हणून शेवटचं विचारतायत. मी माझं सगळं चाळलं. कंपनी बंद झाली, कागद गेले. तुझ्या पाळीत काही दिसलं होतं का?"

"न्हाई," मी म्हणालो.

"बरं. वहीत एकदा बघशील?"

"न्हाई म्हनलं न्हवं!"

फोन ठेवला तर बायको दारात. ती भांडत नाही, तेच वाईट. जिऱ्याचा डबा हातात होता तिच्या.

"कशाला झटकलंसा त्येंना?"

मग मी तिला सांगितलं. सगळं, काठवटीपासून. तिनं खाली बसून ऐकलं.

"म्हंजी त्या म्हातारीला ठाऊक न्हाई, बा कुठं हाय त्ये. आनि तुमाला ठाऊक हाय."

"व्हय."

"आनि तुमी जळताय म्हनून बोलत न्हाईसा."

"व्हय."

"मग जळा की. जळायला कोन नको म्हनतंय? पर सांगा आनि मग जळा." आणि उठून गेली स्वयंपाकघरात. मी ट्रंक उघडली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं सांगली गाठली.

चौगुलेचं घर विश्रामबागेत, तिसरा मजला. दार त्यानंच उघडलं. दशलक्षण चालू होतं, त्याचं एकाशन होतं. ओट्यावर भाताचं पातेलं झाकून ठेवलेलं दिसलं. मी चप्पल काढायच्या आधी वही पुढं केली. त्यानं उभ्या उभ्याच चित्र पाहिलं. सरळ कडेवर बोट ठेवलं. तो तळ वाचणारा माणूस, त्याला काही सांगावं लागलं नाही.

"कधी कळलं तुला?"

"पयल्याच वर्षी."

त्यानं वही मिटून माझ्या हातात दिली. मला वाटलं, आता शिव्या देईल. बरं झालं असतं. तो म्हणाला, "मी पाळी बदलून मागितली नसती तर…" आणि तिथंच थांबला. "बारा वाजता त्यांना फोन लावायचाय. तू सांग. मी सांगणार नाही, तुझी नोंद आहे."

त्यानं संगणकासमोर दुसरी खुर्ची आणून ठेवली. चौदा वर्षं एका जहाजावर काढून आम्ही पहिल्यांदा एका पडद्यासमोर शेजारी शेजारी बसलो. कियोकोबाई दिसल्या. लहानशा, पांढरे केस, मागं भिंतीवर एका कोवळ्या पोराचा खलाशाच्या टोपीतला फोटो. हा त्यांचा बाप. वय चोवीस.

मी माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं. जागा सापडली आहे, पाच मैलांवर. मी पाहिली होती, खडक म्हणून लिहिली.

त्यांनी हात छातीशी नेला. मग शिक्षिका विचारतात तसं हळू, एकेक शब्द सुटा करून विचारलं, "नाथा-सान, हे तुम्हाला किती दिवसांपासून ठाऊक आहे?"

"अठरा-एकोणीस वर्षं."

"म्हणजे आईच्या आधीपासून?"

"होय."

"का सांगितलं नाही?"

चौगुले शेजारी बसलेला. मी म्हणालो, "मला ह्याचा हेवा वाटत होता."

त्या खाली बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी तुम्हाला चहा पाठवला होता." एवढंच. रागावल्या नाहीत, क्षमाही केली नाही. मला अजून सकाळी चहाचा कप हातात घेतला की ते वाक्य आठवतं.

मी वही उचलून पडद्याला दाखवली. म्हणालो, "बाई, अजून एक सांगायचंय. हे चित्र बघा. मी ह्याला खडक का म्हणालो? कारण ते अखंड आहे. गुळगुळीत आहे. बॉम्ब फुटले असते तर तिथं तुकडे असते, लांबवर विखुरलेले, आणि मी खडक म्हणालोच नसतो. एकही तुकडा नाही. मी तीस वर्षं सावल्या वाचल्या, हे खात्रीनं सांगतो. तुमच्या वडिलांनी काम पुरं केलं."

कियोकोबाईंनी तोंडावर हात ठेवला. खुर्ची फिरवून भिंतीवरच्या फोटोकडं पाहिलं आणि जपानीत काहीतरी बोलल्या, बराच वेळ. आम्ही दोघं पडद्यावर त्यांची पाठ बघत बसलो. माझ्या मनात आलं, हे मात्र माझं. हे चौगुलेला देता आलं नसतं. हो, त्या क्षणालाही हेच आलं, काय करू?

त्या परत वळल्या तेव्हा डोळे पुसलेले होते. म्हणाल्या, "मी वडिलांपाशी जाईन. पण मग आई एकटी राहील. मी तिला पुढच्या भागापाशी सोडलं." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "तुम्ही दोघं समुद्र जाणता. मला सांगा, जानेवारीत तिथला प्रवाह कुणीकडं जातो?"

ह्याचं उत्तर आमच्या धंद्यातला पहिल्या वर्षाचा माणूसही देईल. पावसाळ्यात प्रवाह पुढच्या तुकड्याकडून मागच्याकडं जातो, म्हणून तर तो तुकडा तसा वाहत गेला. हिवाळ्यात तो उलटतो. जानेवारीत सोडलेलं उलट्या दिशेला जातं, लांब, अजून लांब. मी तोंड उघडलं. त्या दिवशी माझ्या तोंडाला खऱ्याची चटक लागली होती, तेही बोलून मोकळा झालो असतो.

टेबलाखाली चौगुलेनं माझ्या गुडघ्यावर हात दाबला आणि शांतपणे म्हणाला, "तिकडंच जातो, बाई. पुढच्या भागाकडून मागच्या भागाकडं. मागचा भाग स्वतः तसाच गेला होता ना. तुमच्या आई केव्हाच पोहोचल्या असतील."

"नाथा-सान?" त्यांनी मला विचारलं.

"व्हय," मी मराठीतच म्हणालो. मग इंग्रजीत सांगितलं, होय.

त्या हसल्या. एक्क्याऐंशी वर्षांच्या बाई, पण हसल्या त्या लहान पोरीसारख्या. दोनदा वाकून नमस्कार केला आणि पडदा काळा झाला.

चौगुले उठला नाही. मीही उठलो नाही. खालच्या रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला.

"आज उत्तम सत्याचा दिवस आहे," तो म्हणाला. त्यांच्या त्या दहा दिवसांत एकेक दिवस एकेका गुणाचा असतो, मला ठाऊक होतं.

"ठाऊक हाय मला."

"आज जेवत नाही मी. भात तू खा."

जो माणूस एका मोडक्या बोटीसाठी अख्खं जहाज परत वळवायला लावतो, त्यानं ते प्रवाहाचं खोटं असं सहज उच्चारलं होतं. मी भात खाल्ला. बिनमिठाचा होता. हे मी मराठीत लिहितोय म्हणून लिहितोय, कियोकोबाईंना मराठी येत नाही.

संध्याकाळच्या एसटीत बसलो आणि विट्याच्या पुढं माळ लागला. मी मनाशी तपासून पाहिलं, विनाशिकेचं अजून काही वाटतंय का. नाही वाटलं. तोफा, मनोरा, फोटो, सत्कार, सगळं त्याला लखलाभ. पण एक गोष्ट गळ्याशी अडकली ती अजून उतरत नाही. एकोणीस वर्षं खोटं मी सांभाळलं, मुरलेला होतो त्यात. आणि आयुष्यात एकदाच खोट्याची खरी गरज पडली, तेव्हा ते चौगुले बोलला.